वैमानिकाचें हातयंत्र : ऐकण्याचा पल्ला कसा पारखावा?

नागपुराकडील एका वाचकभगिनींनीं आमच्याकडे एक प्रश्न पाठविला आहे. त्यांची कन्या अमेरिकेंत लहान विमानें चालविण्याचें शिक्षण घेत आहे. तिला परवाना मिळेल तेव्हां घरच्या मंडळींकडून कांहीं तरी उपयोगी वस्तु भेट जावी असें ठरलें, आणि मुलीनें हातांत धरून बोलतां येईल असा विमानी रेडिओ मागितला. मंडळींनीं माहितीपत्रकें चाळलीं, तों कोणाचें यंत्र पांच वॅटांचें, कोणाचें सहा वॅटांचें, कोणाच्या यंत्रांत दिशा दाखविण्याची सोय, तर कोणाच्या यंत्रांत हवामानाची बातमी! "ह्या सर्वांत लांबचें कोणतें यंत्र ऐकूं शकेल, तेवढें सांगावें," अशी बाईंची विनंति आहे.

प्रश्न मोठा नेमका आहे व तो विचारण्यांत शहाणपणहि आहे. बहुतेक गिऱ्हाइकें हें यंत्र किती लांब बोलूं शकतें असें विचारतात. बाईंनीं तें किती लांबचें ऐकूं शकतें असें विचारलें आहे. थोडक्यांत उत्तर असें, कीं लांबचें ऐकूं येणें हा त्या खोक्यांतला गुण थोडा आणि खोक्याबाहेरच्या व्यवस्थेचा गुण फार. पण एवढ्यानें समाधान व्हावयाचें नाहीं. म्हणून आज ह्या विषयाचा थोडा विस्तारानें विचार करूं.

हें यंत्र लागतें तरी कशाला? विमानांत एक रेडिओ पक्का बसविलेला असतोच. मग हा दुसरा कां? जुन्या काळीं तर पहिलाहि नसे. जे. आर. डी. टाटा हे १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गें मुंबईस जुहूला उतरले, तेव्हां त्यांच्या पस मॉथ विमानांत रेडिओ नव्हता. त्या वेळीं आकाश मोकळें होतें. वैमानिकानें खालची नदी व आगगाडीचे रूळ ओळखले म्हणजे भागत असे. आज आकाशांत वर्दळ आहे, व त्या वर्दळींत एकमेकांशीं बोलणें हीच सुरक्षिततेची पहिली पायरी आहे. अमेरिकेंत सार्वजनिक वापराचे सुमारें पांच हजार विमानतळ आहेत. त्यांतील नियंत्रण-मनोरा असलेले फक्त पांचशेंच्या आसपास. बाकीच्या ठिकाणीं वैमानिक ठरलेल्या एका लहरीवर "मी अमुक बाजूनें येत आहें, आतां उतरत आहें" असें स्वतःच पुकारतात आणि इतरांचें ऐकतात. पायपर कबसारख्या कित्येक जुन्या विमानांत तर विजेची व्यवस्थाच नाहीं. तेथें हातयंत्र हाच एकमेव रेडिओ.

परंतु ज्या विमानांत सर्व व्यवस्था आहे, तेथेंहि एक प्रसंग येऊं शकतो. वीज निर्माण करणारा आल्टर्नेटर बंद पडतो, विमानाची बॅटरी कांहीं वेळ तग धरते आणि मग पुढच्या फळीवरील दिवे एकामागून एक विझतात. लहान विमानाच्या इंजिनाला ठिणगी देणारा मॅग्नेटो ह्या विजेवर अवलंबून नसतो. त्यामुळें इंजिन चालतच राहतें, पंख शाबूत असतात, विमान सुखरूप उडत असतें. मात्र तें मुकें आणि बहिरें झालेलें असतें. त्या घटकेसाठीं हें हातयंत्र पिशवींत ठेवावयाचें. तेव्हां तें निवडतांना "बाजारांत सर्वांत चांगलें कोणतें" असें विचारण्यापेक्षां "त्या घटकेला तें ऐकूं येईल काय" असें विचारावें.

आतां पल्ला म्हणजे काय तें समजून घेऊं. विमानांचें बोलणें ११८ ते १३७ मेगॅहर्ट्झ ह्या पट्ट्यांत चालतें. आपल्या घरच्या रेडिओवर एफ. एम. कार्यक्रम १०८ मेगॅहर्ट्झपर्यंत लागतात. त्याच्या लगोलग वर विमानांना दिशा दाखविणाऱ्या केंद्रांचा पट्टा, आणि त्याच्या वर हा बोलण्याचा पट्टा. ह्या लहरी प्रकाशासारख्या जवळजवळ सरळ रेषेंत जातात. डोंगराआड, इमारतीआड वा पृथ्वीच्या फुगवट्याआड त्या फारशा पोंचत नाहींत. देवळापुढील दीपमाळेवरचा दिवा लहानसा असला तरी दोन कोसांवरून दिसतो, आणि अंगणांत जमिनीवर ठेवलेला मोठा कंदील शेजारच्या आळींतहि दिसत नाहीं. फरक दिव्याच्या तेजाचा नसून उंचीचा आहे. रेडिओच्या ह्या लहरींचें हुबेहूब तसेंच आहे.

ह्यासाठीं एक सोपें गणित आहे. एरियलची जमिनीपासूनची उंची मीटरांत घ्यावी, तिचें वर्गमूळ काढावें व त्यास ४.१२ नें गुणावें. उत्तर येईल तितक्या किलोमीटरांवर त्या एरियलचें क्षितिज असतें. बोलणारा व ऐकणारा ह्या दोघांचीं क्षितिजें मिळवलीं म्हणजे त्या दोघांमधील अधिकांत अधिक पल्ला मिळतो. सपाट मैदानावर उभे असलेले दोन गृहस्थ यंत्र तोंडाशीं, म्हणजे दीड मीटर उंचीवर धरून बोलत असतील, तर प्रत्येकाचें क्षितिज सुमारें पांच किलोमीटर. दोहोंचें मिळून दहा. मग यंत्र पांच वॅटांचें असो कीं पन्नास वॅटांचें! त्यांतील एक गृहस्थ तीस मीटर उंचीच्या मनोऱ्यावर चढला, तर पल्ला सत्तावीस किलोमीटरांवर जातो. दुसरा गृहस्थ विमानांत बसून तीनशें मीटर वर गेला, तर तो सुमारें चौऱ्याण्णव किलोमीटर होतो. हजार मीटरांवर दीडशें, आणि तीन हजार मीटरांवर जवळजवळ अडीचशें किलोमीटर. यंत्र तेंच, बॅटरी तीच. फक्त उंची बदलली. म्हणून जाहिरातींत "इतक्या मैलांचा पल्ला" असें छापलेलें दिसलें, कीं सुज्ञ वाचकानें प्रथम विचारावें, कीं हे मैल कोणत्या उंचीवरचे? उंची सांगितल्यावांचून पल्ला सांगणें म्हणजे गाडी उताराला होती कीं चढाला, हें न सांगतां तिचा वेग सांगण्यासारखें आहे.

ह्यावर कोणी म्हणेल, कीं क्षितिजाच्या आंत तरी वॅट उपयोगी पडत असतील! होय, पडतात, पण वाटतात तितके नव्हेत. येथें माहितीपत्रकांतील एक गोम ध्यानांत घ्यावी. विमानांच्या पट्ट्यांत ए. एम. पद्धतीनें बोलतात. तींत एक मूळ लहर अखंड वाहत असते व आवाजाच्या चढउताराबरोबर तिची शक्ति कमीजास्त होते. आवाज पुरेपूर भरला म्हणजे शिखराची शक्ति मूळ लहरीच्या चौपट होते. म्हणून दीड वॅट मूळ लहरीच्या यंत्रावर विक्रेता सहा वॅट छापूं शकतो, आणि दोन्ही आंकडे आपापल्या जागीं खरे असतात. हातयंत्रांची मूळ लहर बहुधा दीड ते दोन वॅटांची आणि शिखर पांच ते सहा वॅटांचें असतें. एका यंत्राचें शिखर व दुसऱ्याची मूळ लहर अशी तुलना झाली, कीं गिऱ्हाईक फसलेंच.

बरें, तुलना नीट केली तरी लाभ किती? शक्ति चौपट केली म्हणजे पल्ला दुप्पट होतो, असा मोकळ्या आकाशांतला नियम आहे. म्हणजे पांच वॅटांऐवजीं सहा वॅट घेतले, तर पल्ला शेंकडा दहाहूनहि कमीच वाढतो, आणि तोहि क्षितिजाच्या आंत असेल तरच. एवढ्या फरकासाठीं एक यंत्र टाकून दुसरें घेण्याचें कारण नाहीं. शिवाय वॅट वाढले म्हणजे फक्त बोलण्याची शक्ति वाढते. ऐकण्याला त्यांचा कवडीइतकाहि उपयोग नाहीं.

ऐकणें आणि बोलणें ह्या दोहोंचा पल्ला एकदम वाढविणारी वस्तु एकच, आणि ती म्हणजे एरियल. जें एरियल आपला आवाज चांगला बाहेर टाकतें, तेंच बाहेरचा आवाज चांगला आंत घेतें. हा निसर्गाचाच नियम आहे. ह्या पट्ट्यांतील लहरीची लांबी सुमारें दोन मीटर छत्तीस सेंटिमीटर असते. तिच्या पाव लांबीचें, म्हणजे साधारण साठ सेंटिमीटरांचें सरळ एरियल उत्तम काम देतें. पण साठ सेंटिमीटरांची काठी लावलेलें यंत्र हातांत कोण बाळगणार? म्हणून बनविणारे तारेचें वेटोळें करून तें रबरांत कोंबतात, आणि वीसेक सेंटिमीटरांचें आंखूड एरियल यंत्राला लावून देतात. सोय होते, परंतु ताकद जाते. त्यांतच वैमानिक बसलेला असतो धातूच्या खोलींत. चहूंबाजूंनीं पत्रा, त्याला खिडक्या तेवढ्या उघड्या. लहरींनीं आंत यावें तें त्यांतूनच. ह्यामुळें गणितानें शंभर किलोमीटर पल्ला असतां विमानांत बसून रबरी एरियलवर पंधरा-वीस किलोमीटरांपलीकडचें धड ऐकूं येत नाहीं, असा अनुभव वैमानिकांना वारंवार येतो. कापडी वा लाकडी अंगाच्या विमानांत स्थिति पुष्कळ बरी असते.

ह्यावर उपाय आहे व तो खर्चाच्या मानानें मोठा गुणकारी आहे. विमानाच्या पाठीवर पक्क्या रेडिओचें स्वतःचें एरियल असतेंच. त्याच्या तारेंत अधिकृत कारागिराकडून एक लहानशी खोबण बसवून घेतां येते. पक्का रेडिओ बंद पडला, कीं हातयंत्राची तार त्या खोबणींत घालावयाची. त्याबरोबर हातयंत्राला बाहेरचें, उंचावरचें, पुऱ्या लांबीचें एरियल मिळतें. मग तेंच यंत्र, तेच वॅट, पण पल्ला कित्येक पटींनीं वाढलेला दिसतो. विमान भाड्याचें असलें तर अशी खोबण मागतां येत नाहीं. तेव्हां खिडकीच्या कांचेला चिकटवितां येणारें सुटें एरियल जवळ ठेवावें. म्हणून यंत्र घेतांना त्याचें एरियल काढतां येतें कीं नाहीं, आणि त्याची जोडणी बी. एन. सी. नांवाच्या, पाव फेरा फिरवून बसणाऱ्या पद्धतीची आहे काय, किंवा तसा जोड मिळतो काय, हें आधीं पाहावें. आणि वापरतांना यंत्र नेहमीं उभें धरावें. विमानी लहरी उभ्या एरियलवरून निघतात. यंत्र आडवें धरलें तर निम्म्याहून अधिक बळ फुकट जातें.

आतां खोक्याच्या आंतील गुणांकडे वळूं. आंतील ग्राहक यंत्र किती क्षीण लहर ओळखतें, ह्यास संवेदनक्षमता म्हणतात व ती मायक्रोव्होल्टांत देतात. आंकडा जितका लहान तितका कान तीक्ष्ण. चांगल्या यंत्रांचा आंकडा एक मायक्रोव्होल्टाच्या आसपास असतो, आणि नांवाजलेल्या यंत्रांत त्या बाबतींत फारसें डावेंउजवें नसतें. दुसरा गुण निवडकपणाचा. तीक्ष्ण कानाला शेजारचा गोंगाटहि तीक्ष्ण ऐकूं येतो. मोठ्या शहराजवळ एफ. एम. केंद्रांचीं बलाढ्य प्रक्षेपणें ह्या पट्ट्याच्या अगदीं शेजारीं असतात. ग्राहक हलक्या बनावटीचा असला, तर त्या गदारोळांत तो दबून जातो व विमानतळाचा आवाज बुडतो. सर्व कामांसाठीं म्हणून विकलीं जाणारीं स्वस्त हातयंत्रें विमानी पट्टा ऐकवितात खरीं; पण येथेंच त्यांची परीक्षा होते. तिसरा गुण स्क्वेल्चचा. बोलणें नसतांना होणारी खरखर बंद ठेवणारी ही झडप आहे. ती फार घट्ट लावली, कीं दूरचा क्षीण आवाजहि तिच्याबाहेरच राहतो. यंत्रावर ती हातानें सैल करण्याची सोय सुलभ असावी. संकटकाळीं थोडी खरखर सोसावी, पण झडप उघडी ठेवावी.

चवथी गोष्ट माहितीपत्रकांत शेवटीं छापतात, पण आमच्या मतें ती पहिली हवी होती. लहान विमानांत शेजारीं बसलेल्या माणसाशीं ओरडून बोलावें लागतें. तेथें हातयंत्राचा इवलासा कर्णा काय ऐकूं येणार? लहर पोंचली, यंत्रानें ती ओळखली, आवाज बाहेर पडला, आणि शेवटच्या वीतभर अंतरांत तो इंजिनाच्या घरघरींत नाहींसा झाला, असें व्हावयाचें. म्हणून वैमानिकाचा नेहमींचा हेडसेट ह्या यंत्राला जोडणारी तार ही चैनीची वस्तु नव्हे. ती यंत्राबरोबरच घ्यावी. स्पोर्टीज ह्या अमेरिकन दुकानाच्या पीजे-२ यंत्रांत हेडसेटचे दोन्ही प्लग सरळ बसतील अशा खोबणी आहेत. आयकॉम व याएसू ह्या जपानी कारखान्यांच्या यंत्रांना निराळी जोडतार लागते.

ऐकण्याचें महत्त्व किती, ह्याचें एक दुःखद उदाहरण इतिहासांत आहे. १९३७ सालच्या जुलई महिन्यांत अमेलिया इअरहार्ट ही अमेरिकन वैमानिक आपला मार्गदर्शक फ्रेड नूनन ह्याच्यासह न्यू गिनींतील लाए येथून निघून प्रशांत महासागरांतील हाउलंड ह्या चिमुकल्या बेटाकडे येत होती. बेटाजवळ 'इटास्का' नांवाचें अमेरिकन जहाज तिला वाट दाखविण्यासाठीं उभें होतें. त्या काळची लहर निराळी, यंत्रें निराळीं. पण प्रसंग समजून घेण्यासारखा आहे. जहाजावरील यंत्रज्ञांना तिचा आवाज मोठा व स्वच्छ ऐकूं येत होता, इतका कीं ती अगदीं जवळ आली असावी असें त्यांना वाटलें. तिला मात्र जहाजाचें बोलणें ऐकूं येत नव्हतें. त्यांनीं वारंवार हांका मारल्या. तिच्या कानीं त्यांतील शब्दहि पडला नाहीं. तिचें विमान पुन्हां कोणास दिसलें नाहीं. बोलण्याची शक्ति तिच्याजवळ भरपूर होती. उणीव होती ती ऐकण्याची.

उलट, नुसतें ऐकूं येत असलें तरी केवढा आधार असतो पाहा. मनोऱ्यावरील प्रक्षेपक सबळ आणि त्याचें एरियल उंच असतें; म्हणून मनोरा आपणांस पुष्कळदां आधीं ऐकूं येतो व आपला क्षीण आवाज त्याला मागाहून पोंचतो. तेव्हां ऐकूं आलें म्हणजे ऐकूं गेलें, असें कधींहि समजूं नये. परंतु मनोऱ्याचें ऐकूं येत असेल, तर वैमानिक पंख हलवून "समजलें" असें दिवसा कळवूं शकतो व रात्रीं उतरण्याचा दिवा उघडझाप करून. कांहींच ऐकूं आलें नाहीं, तर मनोऱ्यावरून दाखविल्या जाणाऱ्या रंगीत प्रकाशावर भिस्त ठेवावी लागते: स्थिर हिरवा म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्यास वाट देऊन घिरट्या घालीत राहा, लुकलुकता लाल म्हणजे तळ सुरक्षित नाहीं, उतरूं नका. ही भाषा प्रत्येक वैमानिकास शिकवितात. पण भर दुपारच्या उन्हांत तो प्रकाश हेरीत बसण्यापेक्षां कानांत एक मनुष्याचा शब्द येणें किती धीराचें, हें सांगावयास नको.

बॅटरीविषयीं लिहावयाचें तें थोडकें, पण महत्त्वाचें आहे. कारखानदार यंत्र इतके तास चालेल असें जें सांगतात, तें बहुधा शंभरांतील पांच भाग बोलणें, पांच भाग ऐकणें व नव्वद भाग गप्प राहणें ह्या हिशेबानें. अडचणींत पडलेला वैमानिक ह्याहून पुष्कळ अधिक बोलतो, आणि बोलण्यांतच बॅटरी झपाट्यानें खर्च होते. लिथियमची बॅटरी चांगली, परंतु पिशवींत सहा महिने विसरलेली कोणतीहि बॅटरी वाईट. म्हणून बाजारांत कोठेंहि मिळणारे साधे सेल घालतां येतील असें खोकें ज्या यंत्राला बसतें, तें यंत्र अडीअडचणीसाठीं अधिक भरंवशाचें. सेल वेष्टनांत वर्षानुवर्षें टिकतात, आणि यंत्रांत घालण्यास मिनिटभर पुरतें. एक सूचना प्रवासाचीहि: लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या उतारू-विमानांत सामानाच्या पेटींत टाकूं देत नाहींत, त्या हातच्या पिशवींतच न्याव्या लागतात. भेट घेऊन जाणाराला हें आधीं सांगून ठेवावें.

यंत्र ठेवतांना त्याचें बोलण्याचें बटण दाबलें जाणार नाहीं, अशी काळजी घ्यावी. पुस्तकाखालीं बटण दबून राहिलें, तर त्या लहरीवरील सर्वांचें बोलणें अडतें. विमानी पट्ट्यांत ए. एम. पद्धत आजवर राहिली, ह्याचा एक लाभ ह्याच संबंधांतला आहे. एफ. एम. पद्धतींत दोघे एकदम बोलले तर सबळ आवाज दुबळ्याला पुरता गिळून टाकतो, व कोणी दुसरा बोलत होता ह्याचा पत्ताहि लागत नाहीं. ए. एम. पद्धतींत दोन लहरी आदळून शिटीसारखा आवाज होतो. ऐकणाराला निदान कळतें, कीं आणखी कोणी तरी हांक मारीत आहे. संकटांत असलेल्या दुबळ्या आवाजाला हा केवढा आधार आहे!

राहिल्या त्या ज्यादा सोयी. आयकॉमचें आयसी-ए१६ हें यंत्र बोलण्याऐकण्यापुरतें आहे; त्याच कारखान्याच्या आयसी-ए२५एन मध्यें जी. पी. एस. व व्ही. ओ. आर. केंद्रांवरून दिशा पाहण्याची सोय आहे; याएसूच्या एफटीए-८५०एल मध्यें त्याखेरीज धावपट्टीवर नीट उतरण्यासाठीं लागणाऱ्या आय. एल. एस. खुणाहि घेतां येतात. ह्या सोयी वाईट नाहींत. पण त्यांनीं ऐकण्याचा पल्ला तसूभरहि वाढत नाहीं, आणि रबरी एरियलवर व्ही. ओ. आर. जवळपासचेंच लागतें. पैसे मोजके असतील, तर साधें यंत्र घेऊन उरलेल्या पैशांत बाहेरच्या एरियलची तार, हेडसेटची जोडतार व सेलांचें खोकें घ्यावें. भारी यंत्र नुसतें घेण्यापेक्षां हें शतपटीनें शहाणपणाचें.

देश मात्र पाहून यंत्र घ्यावें. अमेरिकेंत व भारतांत बोलण्याच्या लहरी २५ किलोहर्ट्झांच्या अंतरानें मांडल्या आहेत, म्हणजे ह्या पट्ट्यांत ७६० जागा होतात. युरोपांत गर्दीमुळें प्रत्येक जागेचे तीन भाग पाडून ८.३३ किलोहर्ट्झांचें अंतर ठेवलें आहे. जुन्या पद्धतीचें यंत्र तेथें चालत नाहीं. मुलगी पुढें युरोपांत विमान चालविणार असेल, तर दोन्ही पद्धतींचें यंत्र प्रथमच घ्यावें. कायद्याचाहि विचार हवा. अमेरिकेंत देशांतल्या देशांत उडणाऱ्या विमानांतून बोलण्यास १९९६ पासून निराळा परवाना लागत नाहीं. जमिनीवर उभें राहून बोलण्यास मात्र लागतो. भारतांत असें प्रक्षेपक यंत्र परवानगीवांचून जवळ बाळगणें हेंच कायद्याविरुद्ध आहे. तेव्हां सुटींत घरीं येतांना "भावंडांना दाखवीन" म्हणून तें बरोबर आणूं नये, असें मुलीस आवर्जून लिहावें. तिकडेच घेऊन तिकडेच ठेवणें उत्तम.

शेवटीं परीक्षेची एक रीत सांगतों. तिला उपकरण लागत नाहीं व कोणाची परवानगीहि लागत नाहीं. मोठ्या विमानतळांवरून वारा, दृश्यता व चालू धावपट्टी ह्यांची माहिती एका ठराविक लहरीवर अखंड सांगितली जात असते. दोन यंत्रें निवडावीं, दोन्हींना एकच एरियल आलटून पालटून लावावें, एकाच जागीं उभें राहावें, स्क्वेल्च उघडावा व तें बोलणें ऐकावें. मग विमानतळापासून दूर दूर जात प्रत्येक ठिकाणीं हेंच करावें. ज्या यंत्रावर शब्द शेवटपर्यंत समजतात, त्याचा कान चांगला. नंतर एरियल बदलून हीच परीक्षा पुन्हां घ्यावी. दोन यंत्रांतील फरक किती थोडा व दोन एरियलांतील फरक किती मोठा, हें तासाभरांत पटेल. आमच्या ह्या लेखाची मग गरजहि उरणार नाहीं.

सारांश, चार गोष्टी एका पिशवींत असाव्या: नांवाजलेल्या कारखान्याचें साधें यंत्र, हेडसेटची जोडतार, बाहेरच्या एरियलची तार अथवा खिडकीचें एरियल, आणि वेष्टनांतले सेल. ही पिशवी मागच्या सामानांत न ठेवतां बसल्या जागेवरून हात पोंचेल अशी ठेवावी. पट्टा बांधलेल्या वैमानिकाला मागें वळून शोधतां येत नाहीं. महिन्यांतून एकदां, उड्डाण सुरळीत चाललें असतां व शेजारीं शिक्षक बसलेले असतां, पक्का रेडिओ बंद करून हातयंत्रावर मनोऱ्याशीं दोन वाक्यें बोलून पाहावीं. आपल्या यंत्राचा खरा पल्ला वैमानिकाला त्याच दिवशीं कळतो, आणि तो कोणत्याहि माहितीपत्रकांत छापलेला नसतो.